ग्रँट गेली, आता इतिहास कुणाच्या घरी ठेवायचा?

मी सूतगिरणीत काम करतो. रिंग खात्यात. धागा तुटला की जोडायचा, आठ तास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी इंग्लंडबद्दल बोलणार आहे आणि आपल्यातलेच काही दोस्त म्हणतील, ह्याला कधी शिंगं फुटली.

इंग्लंडचं कारण असं. आमच्या भागातली आम्ही काही पोरं गेली चार वर्षं एक काम करत होतो. गावोगावच्या बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत जायचं, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, त्यांचा आवाज मोबाईलवर घ्यायचा. वतनाचे कागद, समाजमंदिराच्या वर्गणीच्या वह्या, दीक्षेच्या वेळचे फोटो कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांचे फोटो काढायचे. प्रत्येक गावात एक-दोन पोरं ठरलेली. असं अकरा गावांचं जाळं झालं होतं. एका संस्थेनं पैसे दिले. गाडीभाडं, एक रेकॉर्डर, दोन पोरांना महिन्याला मानधन. मग एक दिवस पत्र आलं की पुढच्या वर्षी निधी नाही, आमचे प्राधान्यक्रम बदलले आहेत. इथवर ठीक. पण खाली आणखी एक ओळ होती. आजवरचं सर्व ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रं संस्थेच्या मालकीची आहेत, परवानगीशिवाय वापर करू नये.

समाजमंदिरात मीटिंग झाली. मीटिंग कसली, राडाच. एक म्हणाला, दुसरी संस्था गाठू. दुसरा म्हणाला, आमदाराकडं जाऊ, निवडणूक जवळ आली आहे, देईल. तिसरा म्हणाला, कुणाचा रुपया नको, बाबासाहेबांची लेकरं आपण, आपल्या पैशानं करू. आणि ज्याचं मानधन बंद झालं होतं तो पोरगा कोपऱ्यात बसून होता. तो शेवटी एवढंच बोलला, "तुमच्या खिशात पगार हाय म्हणून तुमाला स्वाभिमान परवडतोय."

ह्या वाक्यानं माझी झोप उडवली. रातपाळीला तेच डोक्यात. मग मी वाचायला लागलो. दुसऱ्या लोकांवर अशी वेळ आली तेव्हा त्यांनी काय केलं?

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. लहानपणापासून ऐकतो. म्हणून पहिल्यांदा मँचेस्टरकडंच गेलो, म्हणजे लँकेशायर काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. तिकडं एक चाल आहे. गावाचं, पेठेचं, चर्चचं, गिरणीचं, ज्याचं त्याचं स्थानिक इतिहास मंडळ असतं. आणि काउंटीभरच्या मंडळांचा मिळून एखादा संघ. वर्षातून एकदा जमायचं, वार्तापत्र काढायचं, काउंटीच्या दप्तरखान्यात बसून जुने कागद चाळायचे. सबंध देशातल्या अशा मंडळांना जोडणारी एक परिषद १९४८ साली उभी राहिली होती. तिचं काम कसं चालावं याची तपासणी करायला एक समिती बसली, तिचा अहवाल १९७९ साली आला, आणि १९८२ साली जुन्या परिषदेच्या जागी नवी संघटना आली. म्हणजे हे मोडणं आणि पुन्हा बांधणं त्यांनाही नवं नाही.

त्याही आधीची एक मोठी योजना आहे, १८९९ साली सुरू झालेली. इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीचा इतिहास लिहायचा. नाव राणी व्हिक्टोरियाचं. सव्वाशे वर्षं झाली, दोनशेच्या वर जाडजूड ग्रंथ झाले, काम अजून संपलेलं नाही. सुरुवात खासगी भांडवलावर झाली आणि काही वर्षांतच पैशाची ओढाताण लागली. १९३३ पासून ही योजना लंडन विद्यापीठाच्या इतिहास संस्थेकडं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर काउंटीच्या कौन्सिलांनी पैसे घालायला सुरुवात केली. त्या सुरुवातीच्या ग्रंथांत गाव कसं दिसतं? जमीनदाराच्या घराण्यावरनं दिसतं. जहागीर कुणाकडून कुणाकडं गेली, चर्च कुणी बांधलं, हे पानंच्या पानं. शेतावर राबणाऱ्याचं नाव शोधायला भिंग लागेल. पुढच्या ग्रंथांत हे बदललं, शेती आली, उद्योग आला, सामान्य माणूस आला, हे कबूल केलं पाहिजे. पण पहिली पन्नास वर्षं ज्यांच्या पैशानं आणि ज्यांच्या डोळ्यांनी लिहिलं गेलं, त्यांचीच वंशावळ ग्रंथात बसली.

आपल्याकडं वेगळं कुठं आहे? इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, हे इथलं शेंबडं पोरगं पण सांगेल. त्या मागावर पहिल्या दिवशी उभा कोण राहिला? त्याची जात काय, मजुरी काय? माझ्या खात्यातल्या पन्नास माणसांना विचारलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले.

तर इंग्लंडात २००८ साली बँका बुडाल्या. सरकारनं बँका वाचवल्या आणि २०१० पासून काटकसर सुरू केली. केंद्रानं कौन्सिलांचं अनुदान कापलं, कौन्सिलांनी ग्रंथालयं, दप्तरखाने, संग्रहालयं कापली. म्हाताऱ्यांची देखभाल आणि पोरांचं संरक्षण कायद्यानं बंधनकारक, म्हणून ते ठेवावं लागतं. इतिहास बंधनकारक नाही, म्हणून त्याच्यावर पहिली कुऱ्हाड. लँकेशायर काउंटी कौन्सिलनं २०१६ साली पाच संग्रहालयांचा खर्च सोडायचं ठरवलं. त्यात बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल होती. वाफेच्या इंजिनावर चालणारा विणाईचा अख्खा कारखाना, जगात असा शेवटचा. इंजिन पेटवलं की माग चालायचे आणि बघायला आलेल्या माणसाला कळायचं की ह्या आवाजात माणसं जन्म काढत होती. ही गिरणी धंदा म्हणून कधी बंद पडली माहीत आहे? १९८२ साली. त्याच सालच्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझा आजा त्या संपात गेला आणि गावी परत आला तो वळकटी घेऊन. तिकडं बंद गिरणीचं संग्रहालय झालं, इकडं बंद गिरण्यांचे टॉवर झाले. आणि तिकडं संग्रहालयसुद्धा ३० सप्टेंबर २०१६ ला बंद केलं! पुढं आरडाओरडा झाला, कौन्सिलात सत्ता बदलली, मग वर्षातल्या ठरावीक दिवसांसाठी दार पुन्हा उघडलं.

आता मला ही गिरणी एवढी का लागली ते सांगतो.

जुन्या मागावर कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालावी लागे, आणि सूत धोट्याच्या बारीक भोकातनं बाहेर काढायचं तर तोंड लावून ओढायचं. लँकेशायरमध्ये त्याला धोट्याचं चुंबन म्हणत. एकाच धोट्याला किती जणींची तोंडं लागायची. दात किडायचे, रोग पसरायची भीती. कित्येक वर्षं तक्रारी झाल्या, तेव्हा १९५२ साली कायद्यानं नियम करून ते धोटे बंद करायला लागले. तिथं तो आरोग्याचा प्रश्न होता. तोच धोटा, तसाच माग मुंबईला आला आणि बोटीतनं उतरल्या उतरल्या त्याला जात चिकटली. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला मराठ्यानं तोंड कसं लावायचं? म्हणून आपल्या माणसाला विणाई खात्यात घ्यायचं नाही. विणाईत मजुरी जास्त. आपला माणूस रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, की विणाई खात्याचं दार उघडणं तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का यावं? लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न तोवर दिसला नव्हता, किंवा दिसून दिसला नव्हता.

आजा रिंग खात्यात होता. मी रिंग खात्यात आहे. आज मला कुणी जातीमुळं तिथं ठेवलेलं नाही, भरती होती तिथं लागलो. पण आजा तिथं का होता हे मला आज्यानं कधी सांगितलं नाही, मला ते वाचून कळलं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तो गेला २०१४ ला. मी तेव्हा शाळेत.

दोस्तहो, इतिहास हरवतो म्हणजे नेमकं काय होतं, ते हे. बर्नलीतला धोटा काचेच्या कपाटात राहिला तरी त्याची निम्मीच गोष्ट सांगितली जाते. उरलेली निम्मी आपल्या वस्तीत, सत्तर-ऐंशी वर्षांच्या छातीत, दम्याबरोबर आहे. तिला कपाट नाही.

आता पैशाचा प्रश्न. सरकारी किंवा संस्थेचा पैसा घेणं पाप आहे काय? मला तसं वाटत नाही. सरकारच्या तिजोरीत आमचा घाम आहे, मी काडेपेटी घेतो तेव्हासुद्धा कर भरतो. इंग्लंडात १९९४ पासून वारशाच्या कामाला लॉटरीतनं पैसा मिळतो. आता लॉटरीची तिकिटं कोण काढतं, सर लोक? गरिबाच्या आशेतनं जमलेला पैसा राजवाड्याच्या छपराला जातो, मग एखाद्या वस्तीच्या इतिहासाला मिळाला तर तो उपकार कसा? मागायचाच. हक्कानं मागायचा.

पण अनुदान गेल्यावर तिकडच्या मंडळांनी काय केलं ते बघा. कचेरी सोडली, पगारी माणूस गेला. काही काउंट्यांत लोकांनी ट्रस्ट काढले, वर्गण्या गोळा केल्या आणि काउंटीचा इतिहास पुढं रेटला. बाकी काम स्वयंसेवकांवर. स्वयंसेवक म्हणजे बहुतेक निवृत्त माणसं, पेन्शन असलेली, घर असलेली, दुपार मोकळी असलेली. माणसं चांगली, त्यांच्या चिकाटीला सलाम. पण साठच्या दशकात ज्या पाकिस्तानी आणि गुजराती मजुरांनी लँकेशायरच्या गिरण्यांत रातपाळ्या काढल्या, त्यांची नातवंडं आज टॅक्सी चालवत असतील तर ती दुपारी दोन वाजता दप्तरखान्यात कशी बसणार? फुकट कामाला मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ ही पण एक इस्टेटच आहे.

आपल्याला तर हे जास्त कळायला पाहिजे. फुकट राबायला लावणं म्हणजे वेठ. आपल्या बापजाद्यांनी वतनाच्या नावाखाली गावची वेठ केली. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध कौन्सिलात बिल आणलं, कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आणि आता आम्ही चळवळीच्या नावाखाली एका बेकार पोराला सांगायचं, की मानधन गेलं तरी तू फिरत राहा, समाजाचं काम आहे? कोपऱ्यातल्या त्या पोराचं बरोबर होतं. मी त्याला मीटिंगमध्ये हे बोललो नाही. इथं बोलतो.

स्वतःच्या पैशाचा अभिमान मलाही आहे, पण डोळे उघडे ठेवून. 'मूकनायक' निघालं ३१ जानेवारी १९२० ला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. असा दाता पुन्हा होणे नाही, त्यानं मालकी सांगितली नाही. तरी बाबासाहेब शिकायला लंडनला गेले आणि पुढं पत्र बंद पडलं. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं, ते वाचकांच्या वर्गणीवर. बाबासाहेब स्वतः रकानेच्या रकाने लिहायचे, वाचकांपुढं पत्राची तूट मांडायचे. तेही १९२९ ला थांबलं. राजाचा पैसा पुरला नाही आणि गरिबाचाही पुरला नाही. अंक राहिले कसे? लोकांनी जपले. कुणी ट्रंकेत, कुणी उशाशी. त्या जपलेल्या अंकांवरनं १९९० साली सरकारनं ते ग्रंथरूपात छापले. आणि त्याच सरकारी प्रकाशनाचं पुढं काय झालं? बाबासाहेबांच्या ग्रंथांसाठी कागद घेऊन ठेवला आणि छपाई रखडली, शेवटी २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लंडनमधलं बाबासाहेब राहिले ते घर २०१५ साली सरकारनं विकत घेतलं, चांगलं केलं. शेजाऱ्यांच्या आणि तिथल्या कौन्सिलच्या हरकती निघून २०२० साली संग्रहालयाला परवानगी मिळाली. तेही चांगलं. मोठ्या माणसाचं घर सरकार घेऊ शकतं. आमच्या म्हातारीचं खोपट कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. तिथं तिची लेक राहते.

ही म्हातारी म्हणजे आमच्या जाळ्यातली पहिली. नव्वदीच्या आसपास. तिनं आम्हाला मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं त्या दिवसाची हकीगत सांगितली होती. गावानं दळण कसं बंद केलं, बायकांनी रात्री जात्यावर दळताना काय ठरवलं. नंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा एकच विचारायची, "काय रं पोरा, माझा आवाज कुठं ठिवलास?" मी म्हणायचो, "आजी, हापिसात हाय, सुरक्षित हाय." ती हसायची. तिला तिचा आवाज ऐकायचा होता, एवढंच. अकरा गावं फिरलो, फॉर्म भरले, अहवाल दिले, पावत्या चिकटवल्या, आणि तिला तिचा आवाज ऐकवला नाही. ती गेली. महिन्याभरानं ते पत्र आलं.

तेव्हा मला कळलं की आमची चूक पैसे घेण्यात नव्हती. हिशोब कुणाला द्यायचा यात आम्ही चुकलो. देणाऱ्या संस्थेला दर तिमाहीला हिशोब दिला. सांगणाऱ्या माणसाला एकदाही दिला नाही. ज्यानं रुपये दिले त्याचं देणं फिटलं, पत्र आलं, संपलं. ज्यानं आयुष्य सांगितलं त्याचं देणं तसंच आहे, आणि ते ग्रँटबरोबर संपत नाही. म्हणून जाळं पुन्हा बांधायचं तर कमिटीपासून सुरुवात करायची नाही. आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याचं त्याला परत द्यायचं, त्याच्यासमोर वाजवायचं, पुढं कुणाला ऐकवू का ते विचारायचं. नको म्हणाला तर नको.

तिकडंच मँचेस्टरशेजारी दोघं नवरा-बायको होती, एडमंड आणि रूथ फ्रो. तो इंजिनिअरिंग कामगार, ती शिक्षिका. दोघांनी पन्नासच्या दशकापासून कामगार चळवळीची पुस्तकं, पत्रकं, बिल्ले गोळा केले, पगारातनं. घर भरलं, माणसं घरी येऊन वाचू लागली. १९८७ साली सॅलफर्डच्या कौन्सिलनं इमारत दिली तेव्हा ते ग्रंथालय तिकडं गेलं, आजही आहे. म्हणजे त्यांनीही सरकारची जागा घेतली. पण आधी तीस वर्षं वस्तू त्यांच्या हातात होत्या, कुणाचं काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट यांनी १९७८ साली कामगारांसाठी पुस्तक लिहिलं, जिथं उभे आहात तिथं खणा म्हणून. आपल्या कारखान्याचा इतिहास आपण शोधावा, मालकाच्या इतिहासकारावर सोडू नये. ते वाचून हजारो मंडळं निघाली म्हणतात. खणा, बरोबर आहे. मी त्यात एवढंच घालीन की खणलेलं ज्याच्या परड्यात निघालं त्याला आधी दाखवा.

तर दुसऱ्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. वाद झालाच. एक साथी म्हणाला, घरोघर नकला वाटल्या तर त्या हरवतील. हरवतील. दहातल्या सात हरवल्या तरी तीन राहतील, आणि कपाट एकच असेल तर किल्ली ज्याच्याकडं तो राजा. वर्गणी महिना वीस रुपये ठरली, पगार असेल त्याला पन्नास. त्यातनं आधी बेकार पोरांचं एसटीभाडं आणि जेवण, मग बाकीचं. सरकारकडं अर्ज करायचा, पण अर्जात आधीच लिहायचं की मालकी सांगणाऱ्याची राहील. एकानं विचारलं, मग कोण देईल? कुणालाच उत्तर आलं नाही. संस्थेला पत्र लिहिलं की नकला द्या. दोन महिने झाले, उत्तर नाही.

आमच्यातल्या एका पोराच्या जुन्या मोबाईलमध्ये म्हातारीचं बोलणं राहून गेलं होतं. पडदा फुटलेला, पण वाजत होतं. परवानगी कुणाची घ्यायची, असा प्रश्न एकानं काढला, तेव्हा सगळे हसले आणि मग कुणी हसेना. गेल्या रविवारी आम्ही तिघं तिच्या लेकीकडं गेलो. लेक सत्तरीची. चुलीजवळ मोबाईल ठेवला. आधी कोंबडीचा आवाज आला, मग म्हातारीचा खोकला, मग ती बोलायला लागली. लेक पदर तोंडाला लावून ऐकत होती. बावीस मिनिटांनी थांबलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "आई तर दिवसभर बोलत व्हती तुमच्यासंगं."

रेकॉर्डरमध्ये जागा ठेवायची म्हणून आम्ही तेवढंच घेतलं होतं. ती म्हणाली, बसा, जात्यावरचं राहिलंय, मला येतंय. आम्ही वही काढली.